चौथ्या चराचा तळ

मुकादमांनी एकदा "तळ लागला" म्हटलं, की लागला. ती काळ्या दगडावरची रेघ. मग संग्रहालयाचे संचालक येवोत, बाहेर शिकून आलेले तज्ज्ञ येवोत, नाहीतर हे शहर वसवणारा राजा चौकातल्या घोड्यावरून उतरून स्वतः चालत येवो, त्यानंतर तिथे कुणी थापी लावत नसे. या जुन्या बंदराच्या पोटात मुकादमांनी तीस वर्षांत चाळीसेक चर खणले होते. कधी गोदामाच्या अंगणात, कधी नळाच्या खोदाईच्या निमित्ताने. आणि खणणं कुठे थांबवायचं, हे प्रत्येक वेळी त्यांच्या हाताने ठरवलं होतं.

तळ ठरवायची त्यांची एक रीत होती. आधी थापीने चराच्या चारही भिंती खरवडून साफ करायच्या. मग खालच्या जमिनीवर थापीच्या मुठीने तीनदा ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. मग चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळायची, आणि एवढ्यानेही समाधान झालं नाही तर जिभेवर ठेवायची. त्यांची बायको म्हणायची, "भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नाही, आणि माती किती खारट ते मात्र बिनचूक सांगतात!" माणसाचा हात न लागलेली कोरी जमीन आली अशी खात्री पटली, की चराच्या ईशान्य कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून एकेक वीत सोडून, ते सोड्याची एक रिकामी बाटली उभी रोवत. बाटलीत कागद. कागदावर तारीख, चराचा नंबर, एक ओळ आणि सही. पुढेमागे कुणी तिथे पुन्हा खणलं, तर आधीची माणसं कुठवर येऊन गेली ते त्याला कळावं. ही पद्धत खणणाऱ्यांत जुनीच आहे. कागदावरची ओळ मात्र मुकादमांची स्वतःची होती आणि ती कधी बदलली नाही. "इथून खाली काही नाही."

आता या शहराला आपल्या जन्माची गोष्ट तोंडपाठ होती. किनारा ओसाड होता, राजा गलबतं घेऊन आला, त्याने समुद्राला भिंत घातली आणि शहर वसलं. चौकात त्याचा पुतळा होता, शाळेच्या पुस्तकात त्याचा धडा होता, आणि शहरातली निम्मी दुकानं त्याच्याच नावाची होती. या गोष्टीला पुरावा एकच, चौथा चर. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बर्फाच्या कारखान्यामागे मोठ्या सरांनी तो खणून घेतला होता. मोठे सर म्हणजे त्या वेळचे उत्खननाचे प्रमुख आणि मुकादमांचे गुरू. राजाच्या भिंतीचा पाया सापडला, पायाखाली स्वच्छ पिवळी वाळू लागली, आणि मुकादमांनी तळ सांगितला. सरांनी आपल्या पुस्तकात लिहिलं, "वाळूखाली वस्ती नाही. आमच्या मुकादमांचा हात याची ग्वाही देतो." सर गेले, पुस्तक राहिलं. ते एक पान उघडून उघडून मुकादमांनी पुस्तकाची पाठ मोडली होती. टेबलावर नुसतं ठेवलं तरी ते आपोआप त्याच पानावर उघडायचं.

मुकादमांना एकच मुलगी. लहानपणी फ्रॉकच्या खिशात मडक्यांचे तुकडे भरून आणायची म्हणून तिचं नाव खापरी पडलं. खापरी शिकली, पुरातत्त्वातल्या दोन पदव्या घेतल्या, चार ठिकाणी काम केलं आणि शेवटी याच संग्रहालयात उत्खननाची प्रमुख होऊन आली. म्हणजे बापाचीच साहेब. पहिल्याच दिवशी दोघांनी ठरवून टाकलं की चराभोवती ताणलेल्या दोरीच्या आत "मॅडम" आणि "मुकादम", दोरीच्या बाहेर "खापरी" आणि "बाबा". "मॅडम" म्हणताना मुकादमांची छाती अशी फुगायची, की आज शर्टाचं बटण तुटणार असं बघणाऱ्याला वाटावं. बंदरावर मात्र ती सगळ्यांना ठाऊक होती ती "मुकादमांची मुलगी" म्हणून.

"दोन पदव्या घेतल्या," ती कुरकुरायची, "तरी मी मुकादमांची मुलगी ती मुकादमांची मुलगीच."

"मग त्यात वाईट काय आहे?" मुकादम म्हणायचे. त्यांना त्यात खरोखरच काही वाईट दिसत नव्हतं.

तिच्या दर वाढदिवसाला ते तिच्या जन्माची गोष्ट सांगत. कामावर होतो, निरोप आला, तसाच चिखलाच्या पायांनी धावत सुटलो. दवाखान्याच्या दारात नर्सने अडवलं, म्हणाली, आधी नळावर पाय धुवा. पाय धुतोय तोवर आतून तुझा आवाज आला. ही गोष्ट ऐकून घरातल्यांचे कान किटले होते, पण केक मिळायचा तो गोष्ट संपल्यावरच.

मुकादमांच्या निवृत्तीला अडीच महिने उरले होते तेव्हा बर्फाचा जुना कारखाना पाडला गेला. तिथे मोठी इमारत उठणार होती. काँक्रीट पडण्याआधी संग्रहालयाला खणायची मुभा मिळाली, आणि खापरीने चौथा चर पुन्हा उघडायचं ठरवलं. राजाची भिंत पुन्हा नीट मोजता येईल म्हणून मुकादमही खूश झाले. मग एका संध्याकाळी जेवताना ती सहज बोलून गेली, की भिंत मोजून झाली की वाळूच्या खाली जाणार आहे.

"कशाच्या खाली?" मुकादमांचा घास हातातच राहिला.

"वाळूच्या."

"तिथे तळ आहे."

"आहे ना. तोच एकदा डोळ्यांनी बघून घेते, बाबा."

"म्हणजे माझा शब्द पुरत नाही?"

"तुम्हीच तर शिकवलंत, स्वतः बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही म्हणून."

"ते दुसऱ्यांच्या बाबतीत!" मुकादम ओरडले, आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर आणखीच चिडले.

बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला. "खाण तशी माती," ती म्हणाली. "एकाने हट्ट सोडावा तर दुसऱ्याने धरावा ना. इथे दोघांनी एकदमच धरलाय. जेवा आता."

दुसऱ्या दिवसापासून मुकादम चराकडे फिरकले नाहीत. खापरं धुण्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. तिथे बादलीबाईचं राज्य होतं. एकोणीस वर्षं ती बादलीपुढे बसून जमिनीतून निघालेलं सगळं धूत आली होती, आणि ती कुणाच्या बापाला घाबरत नसे. तिने एकदा मुकादमांकडे पाहिलं आणि एक ब्रश त्यांच्या पुढ्यात टाकला.

"रुसायचं तर रुसा," ती म्हणाली, "पण हात चालवत रुसा."

मुकादम हात चालवू लागले. दीड-दोन महिने राजाच्या काळातली खापरं येत राहिली, चाकावर घडवलेली, पातळ, लाल, बोटाने टिचकी मारली की खणखणणारी. मुकादमांना ती डोळे मिटून ओळखू आली असती. मग एका सकाळी, तीन आठवडे धुण्याच्या पाळीची वाट बघत पडलेला एक नवीन ट्रे आला. त्यातलं पहिलंच खापर हातात घेतलं आणि ते थबकले. जाड, काळपट, चाक न लावता नुसत्या हाताने थापून केलेलं मडकं होतं ते. काठावर नक्षी म्हणून ओळीने अंगठे दाबलेले. मुकादमांचा अंगठा आपोआप एका खळग्यात गेला आणि बरोबर बसला. ट्रेमध्ये भाजलेल्या मातीचे लिंबाएवढे गोळेही होते, कमरेला खाच पाडलेले.

"हे तर जाळ्याला बांधायचे गोळे," बादलीबाई म्हणाली. "जाळं बुडावं म्हणून. माझा आजा असलेच वापरायचा."

मुकादमांनी ट्रेवरची चिठ्ठी पाहिली. खापरीचं अक्षर. चर चार. वाळूच्या खाली.

पायाखालची वाळू सरकली असं आपण नुसतं म्हणतो. मुकादमांची खरोखरीचीच सरकली होती, आणि तीही टोपल्यांनी मोजून. ते उठले, हात न पुसताच चराकडे गेले, दोरी ओलांडली आणि शिडीने खाली उतरले. खापरी तळाशी गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडत होती. तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा माती झाडू लागली. मुकादम भिंतीसमोर उभे राहिले.

ही गोष्ट त्यांनीच तिला ती आठ वर्षांची असताना किनाऱ्यावर नेऊन शिकवली होती. वाऱ्याने आणलेली वाळू पातळ पातळ थरांनी बसते, चादरीवर चादर घातल्यासारखी. माणसाने ओतलेली वाळू ढिगाढिगाने पडते. समोरची भिंत खापरीने खरवडून आरशासारखी केली होती, आणि तिच्यात ढीगच ढीग दिसत होते. एक पिवळा, त्यावर कलंडलेला पांढुरका, त्याला टेकून शिंपल्यांचा चुरा असलेला. प्रत्येक ढीग एका टोपलीएवढा. कुणीतरी समुद्रावरून डोक्यावर वाहून आणून, पाणी शिरणारी आपली जागा कमरेइतकी उंच केली होती. त्याच्या खाली काळी माती, खांब रोवल्याचे गोल डाग एका रांगेत, आणि तीन दगडांची एक चूल. चुलीत अजून कोळसा होता.

"वाळूच्या वर ही माणसं पुढेही राहिली असणार," खापरी हळूच म्हणाली. "राजाच्या गवंड्यांनी पाया घालताना ते सगळं खरवडून काढलं. म्हणून वाळू कोरी दिसली."

"कोरी दिसली नाही," मुकादम म्हणाले. "कोरी सांगितली." मग ईशान्य कोपऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, माझी बाटली?"

"मिळाली नाही." तिने मान वर केली नाही. "फुटली असेल."

मुकादम शिडी चढून वर आले. बाटली फुटली तर काचा होतात, काचा झाल्या तर चाळणीत येतात, आणि चाळणीत आलेली काच ही पोर वहीत लिहिणार नाही हे शक्य नव्हतं. जमिनीतून आलं ते वहीत गेलं पाहिजे, मग ते विडीचं थोटूक असो. हा नियम त्यांचाच. त्यांनी नोंदवही उघडली. एक्केचाळीस नंबरला राजाच्या काळातला एक मणी होता. त्रेचाळीसला जाळ्याचा गोळा. बेचाळीस नंबरची ओळ कोरी होती.

"एक बाटली आली होती," बादलीबाईने विचारल्या-विचारल्या सांगितलं. "मला हात लावू दिला नाही. मॅडमनी स्वतः धुतली, आणि धुताना रडत होत्या. मी काही विचारलं नाही."

त्या संध्याकाळी खापरी कामावरून यायच्या आत मुकादम स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. बायको कणीक मळत होती.

"तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"मला बऱ्याच गोष्टी माहीत आहेत. कुठली हवी?"

"बाटली."

बायकोने पिठाच्या हातानेच पिठाचा मोठा डबा बाजूला सरकवला. मागे बाटली उभी होती. "पोरीला म्हटलं, इथे ठेव. तुझे बाबा पिठाच्या डब्याकडे जन्मात फिरकले नाहीत."

कागद पिवळा पडला होता, पण अक्षर जसंच्या तसं होतं. चर चार. कोरी वाळू. इथून खाली काही नाही. खाली ऐटबाज सही. तेव्हा ते सहीखाली दोन रेघा मारायचे.

"ओळ काय वाचताय," बायको म्हणाली. "तारीख वाचा."

त्यांनी तारीख वाचली आणि ते स्टुलावर बसले. खापरीचा वाढदिवस होता तो. पहिला.

आता सगळं समोर आलं. दुपार, चरात झिरपणारं पाणी, वरून कुणीतरी मारलेली हाक, "मुकादम, घरून निरोप आलाय!" गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलेली ओळ. त्यांनी खूप ताण दिला, पण त्या दिवशी भिंती खरवडल्याचं त्यांना आठवेना. तीनदा ठोकल्याचंही आठवेना. दवाखान्याच्या नळावर पाय धुतलेले तेवढे आठवत होते. अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट ते दरवर्षी केक कापायच्या आधी सांगत आले होते, आणि तिच्यात बाटलीचा उल्लेख एकदाही आला नव्हता.

"ती म्हणाली," बायकोचा आवाज आता मऊ झाला होता, "आई, बाबांच्या हातून एवढ्या वर्षांत एकच चूक झाली, आणि तीही माझ्यापायी. ती मी चारचौघांत कशी मांडू? आणि तुमचा निरोप समारंभ आठ दिवसांवर. तो फलकही रंगवून आलाय."

फलकाचं मुकादमांना माहीत होतं. संग्रहालयाच्या दालनात त्यांचा फोटो लागणार होता आणि खाली ओळ होती, "ज्यांचा तळ कधीच चुकला नाही." रंगाऱ्याकडे जाऊन ते ती दोनदा बघूनही आले होते, सहज तिकडून जात होतो असं दाखवून.

"लपवली तिने," बायको म्हणाली. "पण बाटली तुमची आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही."

मुकादमांनी कागद पुन्हा बाटलीत घातला आणि बूच लावलं. खापरी घरी आली तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. तिने "बाबा, चहा घेणार?" विचारलं, ते "घेईन" म्हणाले, आणि त्या दिवशी दोघं एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. चुलीतला थोडा कोळसा खापरीने तीन आठवड्यांपूर्वीच तपासणीला पाठवला होता, आणि त्याचा निकाल आला होता. वाळूखालची चूल राजाच्या भिंतीपेक्षा बाराशे वर्षांनी जुनी होती. समितीला पटलं तर बांधकाम थांबणार आणि पूर्ण जागा खणायला मिळणार. नाही पटलं तर सोमवारी काँक्रीट. समितीच्या अध्यक्षबाई काठी टेकत आल्या, वयाने मोठ्या, बोलायला कमी. त्यांच्याबरोबर होते चष्मेवाले तज्ज्ञ. त्यांनी आयुष्यभर राजाचं शहर शिकवलं होतं आणि मोठ्या सरांचं पुस्तक त्यांना मुकादमांइतकंच पाठ होतं. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या गोष्टीला कुणी धक्का लावला की कुणाच्याही नाकाला मिरच्या झोंबतातच.

"कोळसा जुना आहे, मान्य," चष्मेवाले चराच्या काठावर उभे राहून म्हणाले. "पण मॅडम, हा चर एकदा खणून बुजवलेला आहे. जुन्या लोकांनी वाळू उपसून आणखी खाली पाहिलं असेल आणि मिळेल त्या मातीने भरून टाकलं असेल, तर तुमचा कोळसा भरावातला ठरतो. कुठल्या जागचा, कोण जाणे! जुनं खणणं नेमकं कुठे थांबलं, एवढं दाखवा. मी आत्ता सही करतो."

प्रश्न चोख होता. त्याचं उत्तरही चोख होतं, आणि ते पिठाच्या डब्यामागे असायला हवं होतं. खापरी चरात उभी होती. तिने एकदा वर, काठावरच्या आपल्या बापाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"त्याची नोंद..." ती म्हणाली, "माझ्याकडे नाही."

"मग कठीण आहे," चष्मेवाले म्हणाले, आणि अध्यक्षबाईंनी सुस्कारा सोडून वही उघडली.

मुकादमांना तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर, आधी राग आला. असा राग की कानशिलं तापली. ही पोर बाराशे वर्षं बापाच्या नावावरून ओवाळून टाकायला निघाली होती! डोक्यावर टोपल्या वाहून ज्यांनी जमीन उंच केली, ती सगळी माणसं पुन्हा काँक्रीटखाली घालायला निघाली होती, का, तर मुकादमांच्या फोटोखाली एक ओळ शोभून दिसावी म्हणून. आणि मग रागाच्या मागोमाग त्यांचा ऊर असा भरून आला, की शिडीवर पाय ठेवताना त्यांना एक क्षण थांबावं लागलं. खाली उतरून त्यांनी खांद्याच्या पिशवीतून बाटली काढली.

"मॅडम," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नोंदवहीत बेचाळीस नंबर राहिलाय."

खापरीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा..."

"दोरीच्या आत मुकादम," मुकादम म्हणाले. त्यांनी बूच काढलं, कागद उलगडला आणि वाचला. तारखेसकट. वाचताना आवाज हलला नाही. "ही सही माझी आहे. मी इथे थांबलो. वाळूत एक वीतसुद्धा खाली गेलो नाही, आणि खाली काही नाही असं लिहून दिलं. चूक माझी. मोठ्या सरांचा काही दोष नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला, एवढंच त्यांनी केलं."

"पण ही बाटली इथेच होती, याला पुरावा?" चष्मेवाल्यांनी विचारलं. आवाज आता नरमला होता.

मुकादम मुलीकडे वळले. "फोटो दाखवा, मॅडम. तुम्ही फोटो काढल्याशिवाय खडासुद्धा उचलत नाही. तुम्हाला कुणी शिकवलंय ते मला माहीत आहे."

खापरीने डोळे पुसले आणि कॅमेरा उघडला. फोटो होताच. ईशान्य कोपरा, दोन्ही भिंतींपासून एकेक वीत, वाळूत उभी रोवलेली बाटली, शेजारी मोजपट्टी आणि उंचीची काठी. बाटलीचं बूड जिथे टेकलं होतं, तिथून चुलीपर्यंत कमरेइतकी वाळू, आणि त्या वाळूत टोपलीचा एकेक ढीग जागच्या जागी. कुणी उपसली असती तर ढीग राहिलेच नसते. चष्मेवाले शिडीने खाली उतरले, म्हणजे वीस वर्षांत प्रथमच कुठल्या चरात उतरले. त्यांनी चष्मा पुसला, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं आणि बोटाने ढीग मोजायला लागले. सतराव्यावर थांबले.

"सगळी पुस्तकं पुन्हा लिहावी लागणार," ते स्वतःशीच म्हणाले. मग हात पुढे करून त्यांनी वही मागितली आणि सही केली. दिलेला शब्द पाळला, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

अध्यक्षबाई काठावरून बघत होत्या. "मुकादम," त्यांनी विचारलं, "मी तुमचं काम तीस वर्षं ऐकून आहे. तुमच्यासारख्याच्या हातून असं कसं झालं?"

"बाई, त्या दिवशी घाईत होतो," मुकादम म्हणाले. "मला मुलगी झाली."

कुणाला काही कळेना. मुकादमांनी चिखलाने भरलेला हात खापरीच्या खांद्यावर ठेवला, दोरीच्या आत, नियम मोडून.

"हीच ती. माझ्या एका चुकीखाली आख्खं शहर दबलं होतं, ते हिने वर काढलं. आणि मी शिकवलं तसंच काढलं, भिंती खरवडून. त्या दिवशी मीच तेवढं विसरलो होतो."

निरोप समारंभ ठरल्या दिवशी झाला. आदल्या दिवशी मुकादम पुन्हा रंगाऱ्याकडे गेले, या वेळी सहज जाताजाता नव्हे. फोटोखालची ओळ त्यांनी पुसायला लावली आणि नवीन लिहून घेतली, "ज्यांचा तळ एकदाच चुकला." संचालकांना ते बरं दिसेना, पण मुकादम म्हणाले की चाळीसमध्ये एक म्हणजे काही वाईट हिशेब नाही, आणि ती एक लपवली तर बाकीच्या एकोणचाळिसांवर कोण विश्वास ठेवणार. बादलीबाईने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

निवृत्त झाल्यावर चौथ्या दिवशी ते चरावर हजर होते. "जित्याची खोड," बायको म्हणाली आणि डबा भरून दिला. चूल उचलून झाली होती, खांबांचे खड्डे मोजून झाले होते, आणि त्यांच्या खाली समुद्राची निळसर, चिकट माती लागली होती. खापरीने चारही भिंती खरवडल्या. मुकादमांनी पुन्हा एकदा खरवडल्या. दोघांनी आळीपाळीने तीनदा ठोकलं. मुकादमांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, खापरीनेही ठेवली, आणि दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं.

"लागला?" तिने विचारलं.

"मी निवृत्त आहे. तुम्ही सांगा, मॅडम."

"लागला," खापरी म्हणाली. सोड्याची नवी बाटली तिने आणूनच ठेवली होती. गुडघ्यावर कागद घेऊन तिने तारीख घातली, चराचा नंबर घातला आणि पेन थांबवलं. "ओळ तीच ना?"

मुकादमांनी थोडा विचार केला. "नको. असं लिही. आम्ही इथवर आलो. खाली आम्हाला काही दिसलं नाही. तुम्ही पुन्हा बघा."

तिने तसं लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे दिला. मुकादमांनी तो बराच वेळ गुडघ्यावर धरून ठेवला. मग सावकाश लिहिलं आणि सहीखाली पूर्वीसारख्या दोन रेघा मारल्या. खापरीने कागद घेतला. तिच्या सहीच्या खाली, जिथे आजवर नेहमी "मुकादम" लिहिलेलं असायचं, तिथे लिहिलं होतं, "खापरीचा बाप."

तिने कागदाची गुंडाळी केली, बाटलीत घातली, बूच घट्ट लावलं, आणि दोन्ही भिंतींपासून एकेक वीत मोजून बाटली उभी रोवली.